बैलाच्या टोपल्यातली ढेप

आमच्या घरी बैलांना शेंगदाण्याची ढेप, म्हणजे तेल काढून उरलेली पेंड, मिळायची आणि मला ज्वारीची भाकर अन् ठेचा. तेव्हा मला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. आधी पुरुष जेवायचे, मग लेकरं, मग सासूबाई. वरणाचं भांडं माझ्यापर्यंत यायचं तेव्हा त्यात वास तेवढा उरलेला असायचा. मी ते पाण्याने विसळून पाणी भाकरीवर ओतायची. दूध तर लग्न होऊन आल्यापासून मी फक्त तापवलं.

भूक मारायला चहा होता. काळा, गुळाचा, दिवसातून चार वेळा, कधी पाच. घेतला की डोळे उघडायचे, हात भराभर चालायचे. मला वाटायचं माझं डोकं चहावरच चालतं. म्हणून डोकं चालेनासं झालं तेव्हा मी चहाच वाढवला.

आधी भाजीत मीठ दोनदा पडू लागलं. मग घरात शिरून कशाला आले ते आठवेना. जीभ लालभडक झाली, पोट सारखं बिघडलेलं. हातांची कातडी काळी, खरखरीत झाली आणि गळ्याभोवती काळी पट्टी बांधल्यासारखी उमटली. सासूबाई म्हणायच्या, ही मान घासत नाही. मी लाजरी, उलट बोलायची सवय नाही. मी विटेच्या तुकड्याने रक्त येईपर्यंत मान घासायची.

एक दिवस विहिरीवरून दोन घागरी आणून उतरवल्या, तर सासूबाईंनी विचारलं, "पोरगी कुठी हाय?"

दोन वर्षांची मुलगी मी विहिरीच्या काठाशी बसवून आले होते. धावत गेले. ती तिथेच मातीत बोटं फिरवत बसली होती. माझ्याकडे पाहून हसली. ते हसणं मला आजही सहन होत नाही.

त्या संध्याकाळी ओसरीवर ठरलं. होळी झाली की मला माहेरी पोचवायचं, पोरगी इथेच ठेवायची, कारण येड्या बाईजवळ लेकरू कोण ठेवेल? मी दाराआड उभी राहून ऐकलं. त्यांचं खोटं आहे असंही म्हणता येईना. पोरीला मीच विसरले होते.

पोचवायच्या आधी एकदा दाखवून आणू म्हणून मुलीचे वडील मला नांदुऱ्याला एका डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेले. ही काय खाते, असं बाईंनी विचारलं. त्यांनी सांगितलं, घरात सगळे खातात तेच. बाईंनी त्यांना बाहेर बसवलं, माझा हात खिडकीच्या उजेडात धरला आणि तेच मला विचारलं. मी खरं सांगितलं. चहाचंही सांगितलं.

"चहाने जाग येते," त्या म्हणाल्या. "थोडा वेळ लक्षही लागतं. पण तुझं डोकं उपाशी आहे ग. उपाशी माणसाला नुसतं जागं ठेवून काय उपयोग?"

मग त्यांनी समजावलं. अन्नात ब जीवनसत्त्व म्हणून असतं. डोकं, कातडी, पोट, सगळं त्याच्यावर चालतं, आणि नुसत्या ज्वारीवर राहणाऱ्याला ते पुरत नाही. डाळ खा, दूध घे, शेंगदाणे खा. वर महिन्याच्या पिवळ्या गोळ्या दिल्या.

गोळ्या तीन दिवस चालल्या. चौथ्या दिवशी मोरीत पिवळीधमक लघवी पाहून सासूबाईंना वाटलं, या लेकरं बंद करायच्या गोळ्या आहेत. त्यांनी पुडी उकिरड्यात टाकली. मुलीचे वडील बैल सोडून वावरात निघून गेले.

घरातले शेंगदाणे कुलपात होते. ढेपेला कुलूप नव्हतं.

मी रोज दुपारी गोठ्यात जाऊन बैलाच्या टोपल्यातला एक तुकडा पदरात बांधायची आणि गोवऱ्या थापताना चघळायची. दगडासारखी टणक, तेलकट वासाची. पंधरा-वीस दिवसांत जिभेची आग थांबली. भाजीत मीठ एकदाच पडू लागलं.

आणि मग सासूबाईंनी पकडलं. त्यांनी मामंजींना आणि मुलीच्या वडिलांना गोठ्यात बोलावलं. "पाहा. आता ढोराचं खाऊन राह्यली. आता तरी पटलं का?"

मामंजींपुढे मी आजवर तोंड उघडलं नव्हतं. पण हातातला तुकडा मी टाकला नाही.

"बैल येडा हाय का?" मी म्हटलं. "त्याले वखर ओढा लागते म्हणून तुम्ही ढेप देता. मी दिवसभर कामच करतो ना? मंग मले काऊन नाही?"

"पाहा, तोंड फुटलं इले," सासूबाई म्हणाल्या.

"फुटलं, आत्याबाई. होळीले जाईन तं पोरगी घेऊन जाईन. नाहीतर जात नाही."

आणि तो तुकडा मी त्यांच्यासमोर खाल्ला. चावायला वेळ लागतो. तेवढा वेळ सगळे उभे होते. मामंजी खाकरले आणि निघून गेले.

दुसऱ्या दिवशी कोणी जेवायला बसायच्या आत मी माझ्यासाठी आणि पोरीसाठी वाटीभर घट्ट वरण काढून ठेवलं. सासूबाईंनी ते परत भांड्यात ओतलं. मी पुन्हा काढलं. तिसऱ्या दिवशी पुन्हा ओतलं, पुन्हा काढलं. चौथ्या दिवशी त्यांनी वाटीकडे पाहिलं आणि भाकरी थापायला बसल्या.

होळीला नैवेद्य निघाला आणि पुरुष पाटावर बसायच्या आत मी पुरणाचा गोळा पोरीला भरवला, दुसरा स्वतः खाल्ला. हरभऱ्याची डाळच ती. माहेरी पोचवायची गोष्ट कोणी काढली नाही. मीही विचारलं नाही.

पोरगी आता चौथीत आहे. मी हे लिहितेय ती वही तिचीच, उरलेल्या पानांची. मी जितकी शिकले तितकी ती या वर्षी शिकेल, आणि पुढच्या वर्षी मी तिला पाचवीत घालणार आहे. ओसरीवर काय ठरायचं ते ठरो.

चहा मी सोडला नाही. जेवण झाल्यावर घेते.