डॉक्टरांचा दुसरा कप

माझ्या खोकल्याला क्षय समजून मी पांढुर्ण्याच्या डॉक्टरांकडे गेलो आणि सोबतीला बायकोला नेलं. बोलण्याआधी धोतराला चष्मा पुसायची डॉक्टरांची सवय. तो पुसून त्यांनी मला सोडून तिच्या मानेकडे पाहिलं.

"बापू, तुमचा खोकला बिडीचा. क्षय बाईले आहे."

मानेत न दुखणाऱ्या गाठी, संध्याकाळची कणकण, कोपरापर्यंत सरकणाऱ्या बांगड्या, हे सगळं असूनही खोकला नाही म्हणून मी तिला ठणठणीत ठरवलं होतं.

आमची राजधानी नुकतीच नागपूरहून भोपाळला गेली होती, तरी इंजेक्शनं नागपूरहूनच गाडीनं यायची. ती टोचायला डॉक्टर घरी येत, पण रोग्याच्या घरी पाणीही घेत नसत. गल्लीनं आमच्याकडे पाणी पिणं सोडल्याचं कळलं, त्या दिवशी मात्र ते ओट्यावर सगळ्यांदेखत बसले.

"बाई, चहा मांडा. गाठीचा क्षय कपातून लागत नाही," हे त्यांनी शेजारणींना ऐकू जाईल असं म्हटलं. एक कप संपवून आणखी मागितला.

गाठी पुढे विरल्या, शेजारणी विरजण मागायला परतल्या. पण त्या दिवशी डॉक्टर गेल्यावर बायको कप विसळत म्हणाली, "अवो, साखर टाकाचीच राहिली होती. तरी दुसरा कप मांगतला त्यायनं."