किल्ल्याची मूठभर माती

कुडव्याचे दुर्गाप्रसाद टेंभरे गाडी करून नगरधनचा किल्ला बघायला निघालेत, ही बातमी पानठेल्यावर पोचली तेव्हा लोक आधी पोटभर हसले. कोपऱ्यावरून भाजी आणायला कुरकुरणारा माणूस एकदम रामटेककडे? म्हणे टेंभऱ्यांसारख्या पोवारांचे पूर्वज सरहद्दीच्या राखणीला शिपाई म्हणून तिथेच आले होते.

पूर्वज निमित्ताला. हवी होती माती.

एकुलत्या लेकीचं, चेतनाचं लग्न पंधरा दिवसांवर आलेलं. टेंभऱ्यांच्या घरची रीत अशी, की देवघरातल्या मातीच्या ओट्याला, म्हणजे चौरीला, हळद लागल्याशिवाय नवरीला लागत नाही. आणि वेगळ्या झालेल्या घरात नवी चौरी घालायची तर मूळ घरच्या चौरीची मूठभर माती तिच्यात पडायला हवी. मूळ घर चोरखमारा गावाजवळ, थोरल्या भावाकडे, दुधरामकडे. दोघा भावांत अकरा वर्षं बोलणं नाही. कुणी म्हणतं धुऱ्यावरून, शेताच्या बांधावरून बिनसलं, कुणी म्हणतं पंगतीत आधी कुणाला वाढलं यावरून. जाणकार पंगतीवरच बोट ठेवतात.

तेव्हा दुर्गाप्रसादांनी डोकं लढवलं. भावाची चौरी आली पूर्वजांकडून, पूर्वज किल्ल्यातले. मग थेट किल्ल्यातूनच उचलू!

"तिथं सरकारचा पहारा हाये," देवकाबाईंनी नवऱ्याला सुनावलं. "जेठजीच्या दारात तं कुत्रंबी नाही. अन् तुम्ही पहाऱ्यातून माती चोराले जाऊन राहिले?"

"चोरी कायची? आपलीच हाये."

"मंग तिकडचीबी आपलीच. मागाले काऊन जीभ जड होते? पोरीच्या हळदीत खोट राहिली तं कोणाले सांगान?"

दुर्गाप्रसाद जेवता जेवता उठले. ताट तसंच सोडून ते अंगणात गेले. तीनदा थोरल्या भावाचा नंबर लावून तीनदा कापला. चौथ्यांदा पलीकडून उचलला गेला.

"दादा... परवा नगरधनले जाऊन राहिलो. येतोस का?"

दुधराम आधी खोकला.

"माती पायजे म्हणून बोलावून राहिला का?"

थापा मारण्यात दुर्गाप्रसादांचा हात धरणारा कुडव्यात कुणी नाही. पण एकही सुचेना.

"हो," ते म्हणाले.

फोन कटला.

"काय म्हणाले?" देवकाबाई दारात उभ्या होत्या.

"काई नाही." त्यांनी चष्मा पुसला, पुन्हा पुसला. "गाडीवाल्या ओमेशले सांग, पयले चोरखमाऱ्याकडं घे म्हणा."

"अन् किल्ला?"

"तो कुठं पळून जाते! दादाच्या दारात उभा राहीन. हाकललं तं पुन्हा उभा राहीन."

आणि मातीसाठी डबा शोधायला ते आत गेले.