अर्ध्या रस्त्याचे साडभाऊ

जबलपुरातून देवाकडे जाणारे जेवढे रस्ते आहेत, त्या सगळ्यांवर आमचे साडभाऊ अर्ध्यापर्यंत जाऊन परत आलेले आहेत. साडभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या मोठ्या बहिणीचे, ताईंचे, यजमान. सरकारी कचेरीतून निवृत्त झाले त्या दिवशी लोकांनी त्यांना शाल पांघरली, आणि ती त्यांनी इतकी मनावर घेतली की तेव्हापासून ते साधकच झाले. गढा भागातल्या त्यांच्या घरात दारामागेच खुंट्यांची फळी आहे. एका खुंटीवर रुद्राक्षाची माळ, दुसरीवर गुरुद्वाऱ्यात डोक्याला बांधायचा केशरी रुमाल, तिसरीवर दर्ग्यात घालायची जाळीची टोपी, चौथीवर ध्यानाच्या शिबिरातली पांढरी चादर, पाचवीवर रविवारी चर्चमध्ये जायचा कोट. सहाव्या खुंटीवर छत्री असते. ती कोणत्या पंथाची, हे मी अजून विचारलेलं नाही.

मी जुन्या मशिनी विकत घेतो, दुरुस्त करतो आणि विकतो. तीस वर्षांत रिछाईच्या औद्योगिक वसाहतीतला एकही कारखानदार मला फसवू शकलेला नाही, आणि माझ्याशी भाव करताना घाम पुसला नाही असाही एक नाही. त्यामुळे गिऱ्हाईक मला लांबून ओळखू येतं. दहा मशिनी चालू करून बघणारा, प्रत्येकीवरून मायेनं हात फिरवणारा, ‘वा, काय चीज आहे’ म्हणणारा आणि चहा पिऊन निघून जाणारा माणूस असतो ना, साडभाऊ हे देवाच्या दुकानातलं तसलं गिऱ्हाईक. मी त्यांना तोंडावर म्हणालोही, “भाऊजी, एक काय ते पक्कं करा. सगळीकडचा चहा काहून पिऊन राहिले?” तर हसून म्हणाले, “अरे, सगळ्यांचं पाणी एकाच नर्मदेचं आहे. पिऊन पाहायला काय जातं?”

जातं ना, दुसऱ्याचं जातं. एका जैन मित्रानं त्यांना सूर्यास्ताच्या आत जेवण्याचं महत्त्व समजावलं. साडभाऊंना ते तत्काळ पटलं. त्यांच्या घरी मात्र स्वयंपाक आठला होतो आणि ताई कोणत्याही धर्मासाठी वेळ बदलत नाहीत. आमच्याकडे मला भूक लवकर लागते म्हणून सहालाच पोळ्या सुरू होतात. झालं! गढ्यापासून आमच्या अधारतालपर्यंत, शहराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, साडभाऊ रोज दिवस मावळायच्या आत हजर. थंडी पडली, दिवस लहान झाले, तसे ते आणखी लवकर यायला लागले. डिसेंबरात तर चारलाच स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून खिडकीतून सूर्याकडे बघायचे आणि आमच्या हिला म्हणायचे, “घाई नाही, पण तो चाललाय बरं का.” एवढं करून तेही व्रत तडीस नेलं असतं तर एक वेळ मी मान दिला असता. संक्रांतीच्या आधीच कंटाळले. त्याआधी चाळीस दिवसांसाठी गोड सोडलं होतं, ते एकतिसाव्या दिवशी आमच्याच घरच्या मुंजीत खव्याच्या जिलबीपुढे संपलं. गुरुद्वाऱ्यात भांडी घासायची सेवा धरली होती तेव्हा ताई म्हणायच्या, “तिथं ढीगभर ताटं घासतात, इथं स्वतःचा कप उचलत नाहीत.” महिनाभरानं तीही सुटली. कप अजून तिथंच असतो.

चपलांचं तर विचारूच नका. दिवसभरात इतक्या ठिकाणी बाहेर काढून ठेवायच्या म्हटल्यावर येताना आपल्याच पायात येतील याची खात्री काय? मी त्यांना एका पायात तपकिरी आणि दुसऱ्यात काळी चप्पल घालून लग्नाला आलेलं पाहिलं आहे. एकदा नव्या चपला घ्यायला मला सोबत नेलं. मी दुकानदाराला अर्ध्यावर आणलं, उठलो, दारापर्यंत गेलो, आता तो हाक मारणार एवढ्यात मागे वळून पाहतो तर साडभाऊ पूर्ण पैसे देऊन त्याचे आभार मानत होते. वर मला ऐकवलं, “मोलभाव म्हणजे सूक्ष्म अहंकार आहे.” अहंकार! ज्या माणसानं आयुष्यात रिक्षावाल्याला मागितल्यापेक्षा दहा रुपये जास्तच दिले, तो मला अहंकार शिकवणार.

आणि अशा माणसाला मी माझ्या आयुष्यातल्या सगळ्यात मोठ्या सौद्याला बरोबर घेऊन गेलो. चूक माझीच होती. रिछाईत एक जुनं शेड आहे. एकोणिसाव्या वर्षी मी तिथं झाडू मारायला लागलो होतो. लेथखालचा लोखंडाचा कीस गोळा करायचा, पोत्यात भरायचा, एवढंच काम. सगळे ज्यांना बडे भैया म्हणत, त्या मालकांचं ते शेड. तेव्हाच मी ठरवलं होतं की एक दिवस ही जागा माझी होणार. हे मी बायकोलासुद्धा कधी सांगितलं नव्हतं, कारण आपल्याला एखादी वस्तू हवी आहे हे जेवढ्या लोकांना कळतं, तेवढा तिचा भाव चढतो. वडिलांचे दिवस घालायला नर्मदेच्या ग्वारीघाटावर गेलो होतो, तेव्हा पायरीवर शेजारी साडभाऊ बसले होते. त्या दिवशी मन जरा सैल होतं. म्हटलं, यांना सांगणं म्हणजे भिंतीला सांगणं. म्हणून सांगितलं.

पुढे बडे भैया ऐंशीच्या पुढे गेले, मुलं परदेशात, आणि शेड विकायला निघालं. अशा वेळी आमची ही माझ्याबरोबर असते. मी भाव पाडतो, ती नाक मुरडते आणि नेमक्या वेळी बाही ओढून “चला हो” म्हणते. पण ती नागपूरला लग्नाला गेली होती. तेवढ्यात कळलं की साडभाऊंनी दहा दिवसांचं मौन धरलं आहे. कुणा नव्या गुरूनं सांगितलं होतं म्हणे, की दहा दिवस एक शब्द तोंडातून गेला नाही तर आत काहीतरी शांत होतं. मला ते फार आवडलं. पांढरी दाढी, पांढरी चादर, गळ्यात दोरीनं अडकवलेली लहान मुलांची पाटी, आणि तोंड बंद! असा माणूस शेजारी उभा असला की घेणारा आपोआप सज्जन दिसतो. कितवा दिवस आहे हेही मी विचारलं नाही. स्कूटरवर बसवलं आणि नेलं.

बडे भैयांनी मला ओळखलं नाही. ते मला हवंच होतं. मी कामाला लागलो. पत्रे गंजलेत, फरशी खचली आहे, कडुलिंबाची मुळं भिंतीखाली गेली आहेत. “बडे भैया, सच कहूँ तो इसमें रखने लायक कुछ है नहीं। पूरा तोड़ना पड़ेगा।” म्हातारे पुढे झाले. एका खांबावर हात ठेवून उभे राहिले. मी मनात म्हटलं, आता उतरतायत. इतक्यात साडभाऊंनी पाटीवर काहीतरी लिहिलं आणि त्यांच्यासमोर धरलं. मी तिरक्या नजरेनं वाचलं: ‘ये झूठ है।’ मी चपळाईनं बाहीनं पाटी पुसली.

“क्या लिखा था?” बडे भैयांनी डोळे बारीक करून विचारलं. चष्मा नव्हता, देवाची कृपा.

“पूछ रहे हैं, बाथरूम किधर है।”

बडे भैयांनी अदबीनं मागच्या बाजूला बोट दाखवलं. साडभाऊंनी जोरजोरात मान हलवली आणि पुन्हा खडू काढला. मी पुन्हा पुसली. तिसऱ्या खेपेला त्यांनी माझ्याकडे पाहिलं, पाटी खाली सोडली, आणि गंजलेलं दार उघडावं तशा आवाजात बोलले, “भैया, ये तोड़ेंगे नहीं। इसी फर्श पर झाड़ू लगाते थे ये। इनको यही शेड चाहिए, दूसरा नहीं।”

मला वाटलं जमीन फाटावी आणि साडभाऊ तीत जावेत.

बडे भैया जवळ आले. माझा चेहरा दोन्ही हातांत धरून उजेडाकडे वळवला. “तू वो है? जो कचरे में से पेंच चुन-चुनकर डिब्बे में रखता था?” मी मान हलवली. मग त्यांनी मला मिठी मारली, चहा मागवला, जिलबी मागवली, आणि सांगितलं की तोडणारं गिऱ्हाईक कालही येऊन गेलं होतं, त्याला घालवून दिलं, तुलाही घालवूनच देणार होतो. विकणारे असं बोलतातच, ते मी फारसं धरत नाही. मी घसा साफ करून भावाचा विषय काढला, तर म्हातारे गहिवरून म्हणाले, “अब तो तू घर का है रे। घरवालों में मोलभाव थोड़े ही होता है!” आणि मागितलेल्या भावातला एक पैसासुद्धा सोडला नाही. आयुष्यात पहिल्यांदा मी, मी, सांगितलेला भाव दिला.

रिछाईपासून गढ्यापर्यंत अख्खं जबलपूर ओलांडेस्तोवर मी साडभाऊंना बोलत होतो. ढोंगी म्हणालो, फुकटे म्हणालो, सूर्यास्ताच्या पोळ्यासुद्धा काढल्या. मागे ते पाटी सांभाळत बसले होते. दार ताईंनी उघडलं. साडभाऊंनी गळ्यातली पाटी काढून खुंटीला लावली आणि म्हणाले, “पाणी दे गं.”

ताईंनी तोंडावर हात ठेवला. “बोललात? अहो, काहून बोललात? उद्या तर सुटणार होतं!”

पाटी उलटी लागली होती. मागच्या बाजूला खडूच्या नऊ रेघा होत्या. दहाव्या रेघेसाठी जागा सोडलेली होती. माझ्या तोंडात एक वाक्य तयार होतं, चांगलं झणझणीत, ते तसंच राहिलं. ताईंनी मलाही पाणी दिलं. मी म्हटलं, “बरं, चलतो.”

शेड माझं झालं. पत्रे बदलले, फरशी तीच ठेवली. साडभाऊ दर गुरुवारी दर्ग्यातून परस्पर तिथं येतात आणि लेथच्या खडखडाटात उलट्या खोक्यावर डोळे मिटून बसतात. इथं बरं वाटतं म्हणे. मागच्या गुरुवारी मी विचारलं, “भाऊजी, ते दहा दिवसांचं पुन्हा करा ना. मी नेतो, आणतो. कुणी बोलायला लावलं तर माझ्याशी गाठ आहे.”

डोळे न उघडता म्हणाले, “आता नको रे. रविवारी चर्चमध्ये केक आहे.”

सौद्याचं मी अजून विसरलेलो नाही, ते इथं स्पष्ट लिहून ठेवतो. ती पाटी मात्र मी ताईंकडून मागून आणली आणि शेडच्या दारामागे टांगली आहे, उलटी. रोज सकाळी मीच ओल्या फडक्यानं दार, खिळे, भिंत सगळं पुसतो. पाटीपाशी आलो की फडकं दुसऱ्या हातात घेतो आणि पुढे जातो.