मामाच्या बेडकाची पाठ

जगातल्या कुठल्याही भानगडीचं मूळ बेडकाच्या अंड्यात शोधणारा माणूस अख्ख्या बालाघाट जिल्ह्यात एकच आहे, आणि तो नेमका माझा सख्खा मामा आहे. तीस वर्षं कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवून तो रिटायर झाला, पण त्याचं शिकवणं काही रिटायर झालं नाही. मामी पुऱ्यांची कणीक मळून ठेवते, हा जाऊन त्या गोळ्यात अंगठा खुपसतो. "पाह्य पोरी, अंडं असंच गोल राह्यते. मंग एका जागेतून पेशी आत शिरतात. ज्या अंगानं शिरल्या, त्या अंगाले पाठ. तोवर त्या गोळ्याले ना डोकं, ना शेपूट." "तुमाले तं अजून बी नाही," म्हणत मामी गोळा ओढून घेते. गेली कित्येक वर्षं आमच्या घरी पुऱ्या अशाच होतात.

लामता गावच्या एका लग्नातली गोष्ट तर आमच्या नात्यात अजून निघते. वरात अरुंद गल्लीत अडकली, तसा मामा पुढे होऊन हात पसरून उभा राहिला. अर्ध्या मंडळींना मराठी कळत नाही म्हणून हिंदीतून म्हणाला, "आगे मत ढकेलो भाई, बाजूवाले बीच में घुसो, बारात अपने आप लंबी होगी." पेशी तसंच करतात म्हणे. दोन्ही बाजूंनी मध्ये येऊन एकमेकींच्या फटीत शिरतात, आणि गोल गर्भ अरुंद होत होत लांब होतो. लोकांनी त्याचं ऐकलं, हेच नवल. वरात खरंच लांबली. बँड मांडवात पोचला तेव्हा नवरदेव घोड्यावर गल्लीच्या पार मागच्या टोकाला घाम पुसत बसला होता. मुहूर्त टळला. मुलीकडचे अजून आमच्याशी धड बोलत नाहीत, आणि मामा म्हणतो, "झालं नं डोकं-शेपूट अलग?"

एक गोष्ट मात्र मला फार उशिरा कळली. हे सगळं मामानं स्वतः कधी पाहिलंच नव्हतं. अंडी मिळतात पावसाळ्यात, धानाच्या रोवणीच्या दिवसांत, आणि नेमकी तेव्हाच कॉलेजात ऍडमिशनची गर्दी. फॉर्म तपासायचं काम दरवर्षी याच्याच गळ्यात. तीस वर्षं भिंतीवरच्या तक्त्यावर छडी ठेवून शिकवलं. "फोटो पाहून संसार केल्यासारखं झालं, बाई," तो एकदा म्हणाला. रिटायर झाल्यावर पाहू म्हणता म्हणता डोळ्यांच्या पडद्यानं दगा दिला. नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, आहे तेवढी नजर सांभाळा, ती आता वाढायची नाही. मला फार वाईट वाटलं.

गेल्या साली मी हट्टानं त्याला किरनापूरच्या बांधीवर, धानाच्या शेतात नेलं. धानाच्या पाण्यातली अंडी डब्यात घालून सकाळीच घरी आणली आणि काचेच्या वाटीत ठेवली. तर अंडी काळी बाजू वर करून बसली, आणि पेशी आत शिरायची जागा खालच्या पांढऱ्या बाजूला. उलटी करावीत तर परत सुलटी. मामीनं वाटी दोन विटांवर चढवली आणि खाली आपला कुंकवाचा आरसा सरकवला.

मामा भिंग घेऊन वाकला. बराच वेळ वाकून होता. मग सरळ होत म्हणाला, "मले तं नुसतं पांढरं दिसून राह्यलं." मी पुढे होणार, तेवढ्यात त्यानं भिंग मामीच्या हातात दिलं.

"एकावर काळी रेघ आहे," मामी म्हणाली. "बारीक. नखाच्या कोरीसारखी वाकडी."

"अन्?"

"थांबा नं. हौ, कड आत चालली. करंजी मुडपावी तशी."

"कोण्या बाजूले?"

"खिडकीकडच्या."

"मंग तिकडं पाठ," मामा हळूच म्हणाला, आणि खुर्चीत टेकला.

दुपारपर्यंत मामी सांगत होती, तो ऐकत होता. स्वयंपाकाची आठवण कुणालाच राहिली नाही. मग तिनं आरशावरून मान न उचलता विचारलं, "आता पुढं काय होते?"

मामाला सगळा तक्ता तोंडपाठ होता. तो म्हणाला, "मले काय माहीत. तूच सांग."