तेलाचे हात

लुडिविनाला स्वस्थ बसणं ठाऊकच नव्हतं. भात शिजेपर्यंत ती चार वेळा झाकण उघडायची, भाड्याची जीपनी थांबायच्या आधीच पाय खाली टाकायची. अशा बाईने टोप्यांवर अक्षरं चिकटवायचं काम पत्करावं म्हणजे नवलच, कारण त्या कामात अर्धं कसब वाट बघण्याचं. टोपी हीट प्रेस यंत्राच्या गोल उशीवर ताणून बसवायची, छापील कागद ठेवून तापलेली पट्टी त्यावर दाबायची, आणि मग कागद थंड होईपर्यंत हात आवरायचे. लुडिविना त्यावर फुंकर मारत बसायची. तरी टोपीच्या मधल्या शिवणीवरून अक्षर सपाट बसवणं इलोइलो शहराच्या त्या बाजारगल्लीत तिच्याखेरीज कुणाला जमत नसे. तिच्याशी भांडणारेही हे कबूल करत.

एका बाबतीत मात्र ती दम धरायची. यंत्रापासून उठल्यावर तासभर पाण्याला शिवायचं नाही. तापल्या हातांवर गार पाणी पडलं की नसांत पास्मा नावाचा विकार शिरतो आणि हात कायमचे कापू लागतात, हे तिथल्या पोराटोरांनाही माहीत असतं. हसायचं कारण नाही, लुडिविनाच्या घरातच पुरावा होता. तिची आई, नानाय पासिंग, तीस वर्षं लोकांचे कपडे इस्त्री करत आली आणि घाईघाईत तसेच हात धूत आली. आता चमच्यातलं सूप तिच्या ओठांपर्यंत पोचत नसे. म्हणून ती रोज सकाळी आलं घालून कोमट केलेलं खोबरेल लेकीच्या तळव्यांना चोळायची.

त्या शुक्रवारी अठरा टोप्या होत्या. शाळेच्या मुलींचा सॉफ्टबॉलचा संघ तीन वाजता प्रांताच्या सामन्यांना निघणार होता. मागच्या वर्षी मुली दुसऱ्या शाळेच्या टोप्या मागून आणून खेळल्या, आणि 'उसन्या पोरी आल्या' म्हणून सगळ्या मैदानाने त्यांना चिडवलं होतं. काम मोठं, म्हणून नानायने त्या सकाळी तेलही दुप्पट चोळलं.

दुपारी एक वाजता संघाची शिक्षिका, हर्मिनिया, टोप्या न्यायला आली, तर पहिल्या सहांची अक्षरं कडेने उचललेली.

"मानांग, तुला कुठे दम धरवतो? भात कच्चा उतरवतेस, तसाच कागद सोललास," हर्मिनिया म्हणाली. गल्लीत सगळे लुडिविनाला मानांग, म्हणजे ताई, म्हणत.

लुडिविनाला ते झोंबलं. पुढच्या टोपीला ती दोन्ही हात काखेत दाबून उभी राहिली. कागद पार थंड झाला, तरी अक्षर उचललंच. तिने आच वाढवली, दाब वाढवला, दारापर्यंत गेली, परत आली. हर्मिनियाने टोपी उजेडात धरली. कापडावर तीन बोटांचे पिवळट ठसे होते.

"हे तेल कसलं गं?"

लुडिविनाने आपल्या तळव्यांकडे पाहिलं; सकाळचं खोबरेल अजून चकाकत होतं. फडक्याने खसाखसा पुसून तिने आणखी एक टोपी करून पाहिली. तीही वाया गेली. घड्याळात दीड वाजून गेला होता. हात थंड व्हायला तासभर थांबलं, तर संघ साध्या टोप्या घालूनच जाणार.

"राहू दे, मानांग," हर्मिनिया हळूच म्हणाली. "हातांशी खेळू नकोस. पोरींना मी समजावते."

लुडिविना नळापर्यंत गेली आणि परतली. पुन्हा गेली. तिला आईचा चमचा दिसत होता, आणि भीती वाटत होती, फार भीती. मग तिने साबण घेतला आणि मनगटापर्यंत दोनदा हात धुतले. पाणी वाटलं होतं त्याहून गार होतं.

हर्मिनियाने डागांवर पावडर चोळली, जादा छापलेले कागद कापून दिले. तीनला पाच मिनिटं कमी असताना अठरावी टोपी उतरली. मुलींनी जीपनीत चढायच्या आधीच त्या घातल्या. लुडिविना वाट न बघता घराकडे निघाली, आणि वाटेत दर दहा पावलांना बोटं पसरून बघत राहिली.

नानाय पायरीवर बसली होती. तिने लेकीचे हात नाकाशी नेले.

"साबण," ती म्हणाली.

"हो."

"सगळ्या चिकटल्या?"

"अठराच्या अठरा."

नानाय रागावेल असं लुडिविनाला वाटलं होतं. नानाय मात्र उठून आत गेली आणि तेलाची वाटी कोमट करून घेऊन आली. यापुढे संध्याकाळीच चोळू, सकाळी नको, एवढंच म्हणाली. मग तिने लेकीचे हात आपल्या हातांत घेतले. ते चारही हात थरथरत होते, आणि थरथर नक्की कुणाची आहे हे लुडिविनाला कितीतरी वेळ कळेना.