भात वेगळा मिळणार नाही!

किस्से म्हणजे उष्टी वाडगी. एक धुवायला घ्यावं, तर मागे चार येऊन पडतात. माझे सगळे किस्से एकाच स्वयंपाकघरातले. दोन हजार पाचच्या आसपास मी न्युरेम्बर्गला लेकाकडे राहत होते, तेव्हा आमच्या बिल्डिंगखाली सुनजाचं छोटंसं कोरियन हॉटेल होतं, तिथले.

सुनजा माझ्याच वयाची. तरुणपणी नर्स म्हणून जर्मनीत आली, रिटायर झाल्यावर हॉटेल काढलं. पदार्थ एकच, गुकबाप. म्हणजे रस्सा आणि भात, एकाच वाडग्यात. मी चौथी शिकलेली. जर्मन शिकले ती सुपरमार्केटच्या जाहिराती वाचून. आमचं छान जमायचं!

*

पहिल्यांदा लेकच घेऊन गेला. टेबलाशी बसल्या बसल्या त्याने सांगून टाकलं, "माझी आई शाकाहारी आहे."

मी कोल्हापूरची! हा पोरगा वाढला तोच पांढऱ्या रश्श्यावर!

"अगं आई, इथे असं सांगितलं की सोपं पडतं," तो कुजबुजला.

सुनजाने माझं तोंड बघितलं आणि आत गेली. माझ्या वाडग्यात कोंबडीची अख्खी तंगडी आली. लेकाच्या वाडग्यात नुसते मोडाचे कोंब!

*

मग रोज दुपारी मी तिच्याकडे. ती कोंबांच्या शेपट्या खुडायची, मीही खुडायची. तिथल्या मराठी मंडळाच्या हळदीकुंकवात एका इंजिनिअरीणबाईंनी मला गाठलंच.

"काकू, तुम्ही त्या चिनी बाईकडे कामाला जाता म्हणे?"

"कोरियन आहे ती. आणि कामाला नाही जात, माझ्यावाचून तिचं अडतं म्हणून जाते. तुमच्यावाचून कोणाचं अडतं हो?"

बाईंनी तिळगूळ न देताच पळ काढला.

*

गुकबापची रीत अशी की भात गारच घ्यायचा. त्यावर उकळता रस्सा ओतायचा, निथळून परत पातेल्यात घ्यायचा, पुन्हा ओतायचा. भात आतून तापेपर्यंत हेच. घाई करून चालत नाही.

एकदा एक टायवाला जर्मन हटून बसला. "मला भात वेगळा आणि रस्सा वेगळा द्या, बिटे." बिटे म्हणजे प्लीज, पण सूर हुकमाचा.

"वेगळा मिळणार नाही."

"मी गिऱ्हाईक आहे!"

"आणि वाडगं माझं आहे!"

गेला पाय आपटत. नंतर तोच गुपचूप येऊन मिसळलेलं खाऊन गेला.

मी विचारलं, "दिला असतास वेगळा, तर काय बिघडलं असतं?"

सुनजा म्हणाली, "वेगळं परक्याला वाढतात. माझ्या दारात आलेला परका नाही."

*

तिची लेक हायडेलबर्गला प्रोफेसर. आईशी बोलायची ती फक्त जर्मन, आईला हाकही जर्मन, 'मामा'. माझ्या नातवासारखीच. एके दिवशी आली आणि म्हणाली, "मामा, हे हॉटेल आता बंद कर. वृद्धाश्रमात जागा मिळाली आहे. तिथे सगळं हातात आयतं मिळतं."

"मी तिथेच नोकरी केली आहे. काय आयतं मिळतं, ते मला विचार."

"मग तर तुला लवकर सवय होईल!"

त्याच महिन्यात माझा लेक म्हणाला, "आई, तुझं तिकीट काढलंय. पुण्याच्या फ्लॅटमध्ये तुझं मन रमेल."

त्याने घेऊन ठेवलेला तो फ्लॅट गेली कित्येक वर्षं कुलपात.

"परतीचंही काढलंयस ना?"

"बघू गं."

मन माझं, आणि ते कुठे रमेल हे ठरवणार हा!

*

हॉटेलच्या शेवटच्या दिवशी सुनजाने आम्हाला जेवायला बोलावलं. मी, माझा लेक आणि तिची लेक. बाहेरची पाटी उतरवली होती. ती आत भातावर रस्सा ओतत होती, निथळत होती, परत ओतत होती. आमची दोघांची मुलं घड्याळ बघत होती.

"मामा, मायक्रोवेव्ह आहे ना?" लेक म्हणाली.

सुनजा बाहेर आली. माझ्यापुढे एक मोठं वाडगं ठेवलं, त्यात दोन चमचे. मग पुन्हा आत जाऊन त्या दोघांचं घेऊन आली. भाताची वाटी वेगळी, रश्श्याची वेगळी.

माझा लेक हसला. "हे काय? इथे वेगळं मिळत नाही ना?"

"आज मिळतं."

मग स्वतःच्या लेकीकडे वळून सुनजा म्हणाली, "घ्या ना, फ्राऊ प्रोफेसर. गार होईल."

आणि माझ्या शेजारी बसून तिने दुसरा चमचा उचलला.