पाराखाली उभ्या आक्का

पहिल्या भेटीत आक्कांनी मला रडवलं, आणि मी डोळे पुसायला रुमाल काढला तर म्हणाल्या, "धुतलेला तरी आणायचा." लातूरला शेतकरी कंपन्यांच्या सीईओंचं प्रशिक्षण होतं. हॉलभर पुरुष आणि आम्ही तीन बाया. जेवणाच्या सुट्टीत मी माझ्या संचालक मंडळाची कहाणी लावली होती, की मला कुणी मोजत नाही, माझं कुणी ऐकत नाही. आक्कांनी दोन घास होईपर्यंत ऐकून घेतलं. मग विचारलं, "झालं का बोलून? आता हे सांग, गोदामाची किल्ली कुणापाशी हाय?" किल्ली अध्यक्षांकडे होती. "मग तू सीईओ न्हाईस बाई. तू त्यांची टायपिस्ट हाईस." तिथे मी रडले.

आक्का निलंगा तालुक्यातल्या एका सोयाबीनवाल्या शेतकरी कंपनीच्या मुख्य कार्यकारी अधिकारी होत्या. पन्नाशी गाठलेली, नवरा वारलेला, मुलगी सोलापूरला दिलेली. गावोगाव पायपीट करून सभासद त्यांनी गोळा केले, गोदाम त्यांनी उभं केलं. अध्यक्ष म्हणून मात्र गावातल्या एका वजनदार गृहस्थाला बसवलं, कारण पाटीवर बाईचं नाव दिसलं तर लोक माल घालणार नाहीत, असा त्यांचाच हिशेब. आयुष्यातली सगळ्यात मोठी चूक त्यांनी अशी स्वतःच्या हातानं, हार-नारळ देऊन केली होती. हे मी एकदा बोलून दाखवलं, तर आठ दिवस माझा फोन उचलला नाही.

आक्का कुणाला चहा देत नसत. आमच्याकडे हे ऐकून माणूस दोन पावलं मागे सरतो. पण त्यालाही कारण होतं. पहिल्याच बैठकीत एक संचालक म्हणाले, "मॅडम, च्या टाका की." आक्का उठल्या, कोपऱ्यातली शेगडी उचलून त्यांच्या पुढ्यात आणून ठेवली आणि परत खुर्चीवर बसून इतिवृत्त लिहायला लागल्या. बैठक संपेपर्यंत शेगडी थंड ती थंडच. तेव्हापासून संचालक बाहेरच्या टपरीवर चहा पिऊन येत आणि पिताना आक्कांचा उद्धार करत.

सोयाबीन वाळलंय की नाही, हे त्या दाणा दाढेखाली धरून सांगत. ओलावा मोजायचं यंत्र होतं, पण यंत्राशी लोक वाद घालत, आक्कांच्या दाढेशी कुणी घालत नसे. दाणा कट्कन फुटला की माल आत, दबला की परत. एकदा खुद्द अध्यक्षांची ट्रॉली आली. आक्कांनी वरची पोती सोडून तळातला कट्टा काढायला लावला, दाणा चावला आणि थुंकल्या. "अध्यक्ष, अजून दोन उन्हं द्या. वरचे कट्टे वाळवले म्हणून खालचे वाळत न्हाईत." समोर तीस-चाळीस शेतकरी उभे होते. ट्रॉली परत गेली. हे एकट्यात सांगता आलं नसतं का, असं मी नंतर विचारलं. "एकट्यात सांगायला तो काय माझा नवरा हाय?"

महिन्यातून एकदा आम्ही तिघी लातूरच्या स्टँडवर भेटायचो, आक्का, मी उदगीरहून आणि प्रशिक्षणातली तिसरी, भोकरच्या कंपनीची सीईओ सुनीता. सुनीताचं बाळ तान्हं होतं, म्हणून हिरकणी कक्षात, लेकराला पाजायच्या खोलीत, बसायचा हक्क होता. दोन तास तिथे कुणी 'कशाला आलात' म्हणून विचारायला येत नसे. आक्कांचा नियम असा, की प्रत्येकीनं एकच अडचण सांगायची, बाकीच्या दोघींनी उपाय सांगायचा, आणि पुढच्या महिन्यात तो केला की नाही ते सांगायचं. नाही केला तर आक्का जे बोलत ते ऐकून बाळसुद्धा गप्प बसे. सुनीता एकदा म्हणाली, "प्रयत्न करून राहिली ना आक्का." त्यावर आक्का म्हणाल्या, "प्रयत्न लेकरानं करावा चालायचा. तू पडायची हाईस का अजून?"

पण किल्ली मला त्यांनीच मिळवून दिली. मी आमच्या अध्यक्षांच्या घरी जायला निघाले तेव्हा आक्कांचा फोन आला. "फोन चालू ठिव आणि पर्समध्ये टाक. मी ऐकूलालीय." मी ओसरीवर बसून किल्ली मागितली, आणि पर्समध्ये माझ्यासाठी कुणीतरी श्वास धरून बसलंय, एवढ्यावर माझा आवाज चिरकला नाही. बाहेर येऊन किल्ली हातात घेऊन फोन कानाला लावला. "'कृपया' दोनदा म्हणालीस," आक्का म्हणाल्या आणि फोन ठेवला. माझ्या आईनंही माझ्यासाठी कधी एवढं केलं नव्हतं, आणि इतकं घालूनपाडूनही ती कधी बोलली नव्हती.

ट्रॉली परत गेल्याचा सूड आक्कांच्या अध्यक्षांनी घाई न करता घेतला. संचालक मंडळाची बैठक त्यांनी गोदामातून उचलली आणि मारुतीच्या पारावर नेली. देवासमोर कारभार स्वच्छ होतो म्हणे. त्या गावात बाया पारावर चढत नाहीत. पहिल्या बैठकीला आक्का पाराखाली उभ्या राहिल्या आणि हसल्या. इतिवृत्तात लिहिलं गेलं: मुख्य कार्यकारी अधिकारी गैरहजर. दुसऱ्या बैठकीला त्या खालून ओरडून हजेरी लावत होत्या. वर कुणाला ऐकू आलं नाही. सलग तीन बैठकांना गैरहजर राहिलं की पदावरून काढता येतं, हा नियम आक्कांनीच कंपनी काढताना लिहिला होता. कामचुकार संचालकांसाठी.

तिसऱ्या बैठकीची नोटीस आली तेव्हा त्यांनी आम्हाला दोघींना फोन केला. एवढ्या ओळखीत त्यांनी काही मागितलं ते तेवढंच. "एकटी चढले तर उद्या गावात वासरू मेलं तरी माझ्या नावावर घालतील. आमच्या बायाच पहिल्या शिव्या देतील. तिघी चढलो तर बैठक म्हणतील. या दोघी." मी म्हणाले, हाव आक्का, येते.

बैठक दुपारी एकला होती. सुनीता लेकराला घेऊन पहाटेच्या पहिल्या गाडीनं भोकरहून निघाली, नांदेड, लातूर असं बदलत. मी जेमतेम दोन तासांवर. सकाळी नऊला पर्स घेऊन उठले, तर आमचे अध्यक्ष दारात. "निलंग्याला निघालाव म्हणं, मॅडम? जावा की. फकस्त एवढं ध्यानात ठिवा, देऊळ आपल्या गावात बी हाय." ते हसले, आणि मीही हसले. मी हसले, याची मला आजही किळस येते.

ते गेल्यावर मी खुर्चीवर बसले. अकराला आक्कांचा फोन आला. मी म्हणाले, "निघाले." आपल्याकडे आंघोळ व्हायची असते तरी माणूस निघाले म्हणतो, तसंच. जायचं नाही असं मी ठरवलं नव्हतं. पण उठतही नव्हते. साडेबाराला पुन्हा फोन. "रस्त्यात आहे आक्का, आलेच." मी टेबलावरच्या तुरीच्या नमुन्यांच्या पिशव्या सरळ लावत होते.

पुढचं मला सुनीताकडून कळलं. ती बाराला पोचली होती. एक वाजला, वर बैठक सुरू झाली. ती म्हणाली, चला आक्का, दोघीच चढू. आक्का म्हणाल्या, थांब, ती यायलीय. तिघी ठरलंय तर तिघीच. पाच पायऱ्या होत्या. त्या पायऱ्यांशी पदर खोचून आक्का रस्त्याकडे बघत उभ्या राहिल्या. वर दहा मिनिटांत ठराव झाला. तिसरी गैरहजेरी. अध्यक्ष खाली उतरताना आक्कांना म्हणाले, "अरे, आलता व्हय तुम्ही?"

संध्याकाळी मी फोन करून सांगितलं, की गाडी घाटात बंद पडली. आक्का म्हणाल्या, "हाव का. असू दे." सुनीताला त्यांनीच सांगितलं, की हिची गाडी बंद पडली, हिचा काही दोष नाही. मी ते तसंच राहू दिलं. त्या वर्षी आमच्या अध्यक्षांनी भर सभेत मला समजूतदार म्हटलं आणि माझी मुदत वाढली. नारळही दिला. मी तो घरी नेला आणि त्याची चटणी केली. खाल्लीही.

आक्का गाव सोडून मुलीकडे सोलापूरला निघाल्या तेव्हा मी लातूरच्या स्टँडवर गेले. दोन पिशव्या आणि एक ट्रंक, इतक्या वर्षांचा एवढाच पसारा. बोलायचं नाही असं ठरवून गेले होते, पण गाडी फलाटाला लागली आणि तोंडातून निघूनच गेलं. "आक्का, त्या दिवशी गाडी बंद पडली नव्हती."

"ठाव हाय की," त्या म्हणाल्या. "त्याच दिवशी स्टँडवर जाऊन उदगीरच्या ड्रायव्हरला इचारलं मी. वाटंत घाट कुठाय गं? खोटं तरी नीट बोलायचं."

"मग सुनीताला तसं का सांगितलं?"

"मी चालले. तुम्ही दोघीच उरल्या. खरं सांगितलं असतं तर ती तुझं तोंड बघितली नसती, आणि तुला एक तरी बाई लागंल का न्हाई?" मी ट्रंक उचलायला वाकले. त्यांनी ट्रंक उचलली, मला हात लावू दिला नाही. "माफ केलं असं समजू नको. ते लेकरू सात तास गाडीत होतं त्या दिवशी."

त्या दारातून आत गेल्या आणि पलीकडच्या बाजूच्या खिडकीशी बसल्या. पुन्हा आमचं बोलणं झालं नाही. मी फोन केले, त्यांनी उचलले नाहीत.

असली युक्ती पसरायला वेळ लागत नाही. सगळे अध्यक्ष शेवटी कुठल्या ना कुठल्या लग्नात एका पंगतीला बसतात. गेल्या आठवड्यात सुनीताचा फोन आला. तिच्या बैठकीची जागा बदलली होती. देवळाचा पार. हीसुद्धा तिसरी बैठक. पहिल्या दोन तिनं मला सांगितल्याच नव्हत्या. "ताई, येशील ना?"

मी कुणाला काही न कळवता एक दिवस आधीच भोकरला पोचले. ती दारात मला बघून हसली, लेकराला म्हणाली, मावशी आली बघ. लेकरू आता धावतं. मी चप्पल काढायच्या आत सगळं सांगून टाकलं. घाट, गाडी, माझं खुर्चीवर बसून राहणं, आक्कांनी माझ्यासाठी बोललेलं खोटं, सगळं. सुनीता उंबऱ्यावर उभी होती, ती बाजूला झाली नाही. लेकरानं माझी पर्स ओढायला घेतली तसा तिनं त्याचा हात सोडवला.

"उद्या अकराला बैठक हाय," ती म्हणाली. "आधी तू चढायचं. मी खाली उभी राहून बघून राहीन."